अकरा टीएमसीच्या काठावरची रतनवाडी

नाशिककरांना रतनवाडी हे नाव बहुधा पहिल्यांदा भेटते ते वर्तमानपत्रातल्या पावसाच्या रकान्यात. जुलै उजाडला की घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा, वाकी ही नावे रोज एका ओळीत छापून येतात आणि प्रत्येकापुढे मिलिमीटरचा आकडा असतो. पावसाने जोर धरला की घाटघर आणि रतनवाडीचा एका दिवसाचा आकडा दोनशेच्याही पुढे जातो. त्याच बातमीत भंडारदरा धरणात किती दशलक्ष घनफूट नवे पाणी आले याची नोंद असते, आणि वाचणाऱ्यांचे खरे लक्ष त्या नोंदीकडे असते. भंडारदरा जलाशयाच्या काठावरच्या ज्या रतनवाडीत हा पाऊस पडतो ते गाव कसे राहते, काय पिकवते आणि पुढ्यातल्या पाण्याशी त्याचा व्यवहार काय आहे, हे पाहावे म्हणून दिवाळी उलटल्यावर, भातकापणीच्या दिवसांत तिकडे जायचे ठरवले. बरोबर माझा भाचा होता. तो नाशिकलाच स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो आणि धरण म्हटले की त्याची तहानभूक हरपते.

हंगाम मुद्दाम निवडलेला होता. मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहायला आणि पुढे पावसाळ्यात धबधबे पाहायला या खोऱ्यात इतकी वाहने उतरतात की रात्री काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त दिसतात. कापणीच्या दिवसांत गाव आपल्या कामात असते आणि पाहुण्यासाठी फारसे बदलत नाही.

रविवार

जेवण उरकून आम्ही दुपारी निघालो. पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे, मुंढेगाव ही महामार्गावरची गावे नाशिककरांच्या इतकी अंगवळणी पडलेली आहेत की त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे काही उरत नाही. खरा प्रवास सुरू होतो तो घोटीला महामार्ग सोडल्यावर. घोटी ही भाताची बाजारपेठ आहे. गिरण्यांच्या आवारात नव्या भाताची पोती उतरत होती आणि रस्त्यावर तुसाचा बारीक धुरळा तरंगत होता. पिंपळगाव मोर मागे पडले की कळसूबाईची रांग समोर येते आणि पुढे रस्ता जणू तिच्याच अंगाने चालतो. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातले सर्वोच्च शिखर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर उभे आहे. वासाळीपर्यंत आपण इगतपुरी तालुक्यात असतो, घाट चढून बारीला पोहोचलो की अकोले तालुका लागतो. आम्ही त्या बाजूला जात होतो तेव्हा पुण्या-मुंबईच्या गाड्या रांगेने परतत होत्या. सुट्टी संपवून निघालेल्यांच्या उलट दिशेने जाण्यात जे समाधान असते ते आम्ही मनसोक्त घेतले.

शेंडी हे धरणाच्या भिंतीजवळचे गाव. इथे चहा घेऊन आम्ही धरण पाहायला गेलो. प्रवरेवरच्या या दगडी धरणाचे काम १९१० च्या सुमारास हाती घेतले गेले आणि ते १९२६ मध्ये पूर्ण झाले. उंची सुमारे ८२ मीटर. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत त्याची गणना होत असे. साठवण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे बोलीभाषेत अकरा टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). भाच्याने भिंतीच्या रुंदीवर आणि दगडांच्या सांध्यांवर मला बराच वेळ ऐकवले. माझे लक्ष मात्र नावांकडे होते. धरणाला तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव आहे आणि जलाशय दीर्घकाळ आर्थर हिल या साहेबाच्या नावाने ओळखला गेला. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांचे नाव या पाण्याला मिळायला धरण बांधून झाल्यावर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. गावकरी मात्र यातले कोणतेच नाव घेत नाहीत. त्यांच्या बोलण्यात ते नुसते ‘धरण’ असते, मग ते भिंतीबद्दल बोलत असोत वा पाण्याबद्दल.

शेंडीहून रतनवाडीचा रस्ता जलाशयाच्या दक्षिण काठाने जातो. मुतखेल, कोलटेंभे अशी छोटी गावे लागतात आणि पाणी कधी अगदी चाकाशी येते, तर कधी टेकाडामागे जाऊन चांगला मैलभर दिसत नाही. हा सगळा भाग १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते. रस्ता काही ठिकाणी चांगला आणि काही ठिकाणी नुसताच पूर्वीच्या रस्त्याची आठवण देणारा आहे. दिवे लागणीला आम्ही रतनवाडीत पोहोचलो. राहण्याची सोय एका शेतकऱ्याच्या घरी होती. पडवीत दोन अंथरुणे, अंगणात चूल आणि समोर अंधारात फक्त आकाराने ओळखू येणारा रतनगड. रात्री नागलीची भाकरी, पिठले, खुरासणीची (कारळ्याची) चटणी आणि नव्या तांदळाचा मऊ भात असे जेवण झाले. भाच्याने दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा घरच्या आजींनी तो न विचारता तिसऱ्यांदाही वाढला.

सोमवार

सकाळी आधी अमृतेश्वराच्या मंदिरात गेलो. शिलाहार वंशातल्या झंझ राजाने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालये बांधली आणि प्रवरेच्या उगमाजवळचे हे त्यांतले एक, अशी परंपरा सांगितली जाते. झंझाचा काळ दहाव्या शतकाच्या आरंभीचा. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर ज्यांनी पाहिले आहे त्यांना इथे ओळखीचे काहीतरी सापडते: शिखराच्या मुख्य धारांच्या मध्ये एकावर एक रचत नेलेली लहान लहान शिखरे, आणि खालपासून वरपर्यंत क्रमाने घटत जाणारा त्यांचा आकार. भूमिज पद्धतीच्या बांधणीची ही खूण दोन्हीकडे आहे. गोंदेश्वर मोकळ्या पठारावर, पंचायतनाच्या (मधले मंदिर आणि भोवती चार लहान मंदिरे) प्रशस्त चौथऱ्यावर ऐसपैस उभे आहे. अमृतेश्वर झाडांच्या आणि डोंगराच्या आडोशाला आहे आणि त्याचा दगड पावसाने काळवंडून शेवाळला आहे. दाराच्या उंबऱ्याशी कीर्तिमुख आहे, खांबांवर यक्ष-गंधर्व आहेत आणि बाहेरच्या भिंतींवर अप्सरा व मिथुनशिल्पे आहेत. कोरीव काम जवळून पाहिले की लक्षात येते, पावसाचा मारा ज्या बाजूने येतो तिकडच्या मूर्तींचे नाक-डोळे बोथट झाले आहेत आणि आडोशाच्या मूर्तींची बोटेसुद्धा मोजता येतात.

भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढते आणि पिंडी त्याखाली जाते, असे पुजाऱ्यांनी सांगितले. आम्ही गेलो तेव्हा गाभारा ओलसर होता, पण पाणी नव्हते.

मंदिराजवळच चौरस पुष्करणी आहे. चारही बाजूंच्या भिंतींत देवकोष्ठे, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे, आहेत आणि त्यांत विष्णूची रूपे व गणपती बसवलेले आहेत. शिवालयाशेजारी विष्णूचे असे एवढे दर्शन घडते म्हणून तिला विष्णुतीर्थ म्हणतात. पाणी हिरवे आणि निश्चल होते. एका कोष्ठाशी कुणीतरी सकाळी वाहिलेले झेंडूचे फूल होते आणि त्याच्याच शेजारी कुरकुऱ्यांचे रिकामे पाकीट. ते पाकीट मी उचलले खरे, पण टाकायला कचरापेटी कुठे दिसेना, म्हणून दिवसभर खिशात घेऊन हिंडलो.

घरी परतलो तेव्हा सगळे खळ्यावर होते. रतनवाडीची शेती दोन प्रकारची आहे. सखल भागात, बांध घालून केलेल्या खाचरांत भात होतो. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई आणि खुरासणी होते. भाताची तयारी पावसाच्या कितीतरी आधी सुरू होते. पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून जमिनीचा तुकडा भाजतात, त्याला राब म्हणतात. त्या राखेवर बी पेरून रोप तयार करतात आणि पाऊस स्थिरावला की चिखलणी करून खाचरात आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करतात. वर्षात एवढे एकच पीक. चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणारे गाव दुसरे पीक का घेत नाही, हा माझ्या मनातला प्रश्न मी शेतकरीभाऊंना विचारला. त्यांनी हातातली पेंढी झोडून घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, “पाऊस राहातो का भाऊ इथं? पडतो आन् धरणात जातो.”

झोडणी मी जवळून पाहिली. खळे आधी शेणाने सारवून टणक केलेले होते आणि मध्यभागी एक जाड ओंडका आडवा टाकला होता. दोन्ही हातांत मावेल एवढी पेंढी बुडख्याशी धरायची, डोक्यावरून आणून ओंडक्यावर आपटायची, दर आपटण्याला पेंढी किंचित फिरवायची, म्हणजे लोंबीची सगळी अंगे सारखी झडतात. पाच-सहा आपटण्यांत पेंढी रिकामी होते. रिकामी पेंढी एका बाजूला रचतात, कारण पेंढा हा गुरांचा वर्षाचा चारा असतो आणि तो भिजला तर भाताइतकेच नुकसान होते. दुपारी वारा सुटल्यावर शेतकरीभाऊंची सून खाटेवर उभी राहिली आणि सुपातून धान्य धारेने खाली सोडू लागली. भरीव दाणा सरळ पायाशी पडत होता आणि पोचट, तूस व काडीकचरा पुढे उडून वेगळा पसरत होता. भाच्याने सूप मागून घेतले. त्याच्या धारेत दाणा आणि कचरा एकाच ठिकाणी पडला. आजी हसून म्हणाल्या, “राहू दे बाळा, तुझं शिक्षण वेगळं हाये.”

त्या घरात इंद्रायणी विकण्यासाठी आणि थोडा काळभात घरी खाण्यासाठी, अशी दोन्ही वाणे होती. सुधारित वाणांचा उतारा जास्त पडतो आणि गावठी वाण चवीला चढ असते, पण ते उंच वाढून लोळते. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होते. आजींना त्याचे विशेष कौतुक वाटले नाही. बियाणे राखून ठेवायचे असते ही त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. त्यांच्या कणगीशेजारी राख मिसळलेल्या बियांची गाडगी उभी होती.

संध्याकाळी पाण्यापर्यंत चालत गेलो. नोव्हेंबरात जलाशय जवळजवळ काठोकाठ असतो आणि मावळतीच्या उजेडात तो कुणालाही भुरळ घालील, यात वाद नाही. शेतकरीभाऊ बरोबर आले होते. पणजोबांची खाचरे पाण्यात गेली, उन्हाळ्यात पाणी उतरले की गाळातून जुन्या बांधांच्या रेषा दिसतात, असे त्यांनी हात लांबवून दाखवत सांगितले. फेब्रुवारीनंतर पाणी झपाट्याने मागे सरते. मे महिन्यात गावापासून ते इतके लांब जाते की वरच्या वस्तीच्या बायकांना हंडा घेऊन विहिरीवर जायचे आणि झरा भरेपर्यंत बसून राहायचे, हा नेम होतो. नळ आला आहे, पण वीज गेली की नळही गेला. धरणातून पंपाने पाणी उचलायला परवानगी लागते आणि एकपिकी शेतकऱ्याला परवानगी, पंप, वाहिनी आणि विजेचे बिल हे सारे झेपणारे नसते.

हे पाणी जाते कुठे, हे मला नाशिककर म्हणून चांगले ठाऊक आहे. खाली निळवंडे धरण, मग संगमनेर तालुक्यातला ओझर बंधारा आणि तिथून निघणारे प्रवरेचे डावे-उजवे कालवे. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या तालुक्यांत, जिथे पाऊस इथल्याच्या दशांशाच्या आसपास पडतो, उसाची शेती उभी राहिली ती या कालव्यांवर. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोही याच कालव्यांच्या प्रदेशात. कोणत्या महिन्यात किती दिवसांचे आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सोडायचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. त्यापुढे प्रवरा नेवाशाजवळ प्रवरासंगमला आमच्या गोदावरीला मिळते आणि दोघी मिळून जायकवाडीच्या नाथसागरात जातात. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे २०१४ च्या आदेशाने ठरले, आणि तेव्हापासून तुटीच्या प्रत्येक वर्षी नाशिक आणि नगरकर एका बाजूला व मराठवाडा दुसऱ्या बाजूला असे भांडण रंगते. आम्ही नाशिककर त्या भांडणात ‘आमच्या हक्काचे पाणी’ असे शब्द सहज वापरतो. त्या संध्याकाळी काठावर उभे राहून ते शब्द उच्चारणे मला जड गेले असते. भांडणाऱ्या तिन्ही पक्षांत रतनवाडी, घाटघर, पांजरे यांचे नाव कुठेच नसते. ती नावे पावसाच्या रकान्यात असतात, वाटपाच्या तक्त्यात नसतात. खालच्या तालुक्यांनी पाणी वापरू नये असे मला म्हणायचे नाही, कारण तिथल्या लाखो माणसांचे जगणे आता त्यावर उभे आहे. परंतु काठावरच्या पंधरा-वीस वाड्यांना बारमाही पिण्याचे पाणी आणि एखाद्या रब्बी पिकापुरता उपसा द्यायला अकरा टीएमसीतला किती हिस्सा लागेल, हा हिशेब भाच्याने बोटावर करून पाहिला आणि तो इतका क्षुल्लक निघाला की त्याने पुन्हा एकदा करून पाहिला.

मंगळवार

पहाटे रतनगडाकडे निघालो. वाट सुरुवातीला प्रवरेच्या पात्राच्या सोबतीने जाते आणि ते अनेकदा ओलांडते. नदी इथे इतकी लहान आहे की मोठ्या धोंड्यांवरून उड्या मारत पाय कोरडे ठेवता येतात. जंगल दाट आहे; खाली कारवी माजलेली असते. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. इथल्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या काठ्या उभ्या लावून, वरून शेणमातीने लिंपून केलेल्या असतात; आमच्या मुक्कामाच्या घराची मागची भिंत तशीच होती आणि लिंपण पडलेल्या ठिकाणी काठ्यांची वीण दिसत होती. अर्ध्या चढावर वाट फुटते. सरळ जाणारी कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, उजवीकडची लोखंडी शिड्यांपाशी येते. शिड्या भक्कम आहेत, पण त्यांचा उभेपणा आपल्या पोटऱ्यांना कळतो. मी वर पोहोचलो तेव्हा भाचा गणेश दरवाजात बसून केळे खात होता. “मामा, सावकाश या, गड कुठे जात नाही,” असे तो म्हणाला आणि मला श्वासाअभावी उत्तर देता आले नाही.

गडाची उंची १२९७ मीटर आहे. वर गेल्यावर रत्नादेवीची गुहा लागते. शेंदूर फासलेला तांदळा (देवी म्हणून पुजला जाणारा अनघड दगड), शेजारी गणपती, आणि प्रवरेचा उगम याच गडावर झाला अशी श्रद्धा. शेजारच्या मोठ्या गुहेत माणसे मुक्काम करतात, आणि म्हणून तिथली माकडे पिशवीची चेन उघडायला शिकलेली आहेत. हनुमान दरवाजा, राणीचा हुडा म्हणून ओळखला जाणारा बुरूज, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोकण दरवाजा असे पाहत आम्ही गडाला वळसा घातला. टाक्यांची रांग पाहून माझ्या मनात आले की एवढ्या पावसाच्या डोंगरावर किल्ला बांधणाऱ्यांनीसुद्धा आधी साठवणीचा विचार केला होता आणि साठवण वापरणाऱ्याच्या उशाशी ठेवली होती. गडाशेजारी खुटा नावाचा सुळका जात्याच्या खुंट्यासारखा सुटा उभा आहे.

सर्वांत वर नेढे आहे, म्हणजे डोंगरमाथ्याला आरपार पडलेले भोक. त्यात दहा-पंधरा माणसे आरामात बसू शकतात, पण वारा त्यांना फार वेळ बसू देत नाही. इथून सगळी रचना एका नजरेत कळते. एका बाजूला भंडारदऱ्याचे पाणी बोटे पसरावीत तसे खोऱ्याखोऱ्यांत शिरलेले दिसते. त्यापलीकडे कळसूबाई, आणि डावीकडे अलंग, मदन, कुलंग हे आमच्या इगतपुरी तालुक्याच्या अंगाचे किल्ले. दुसऱ्या बाजूला आजोबाचा डोंगर आणि त्याखाली थेट कोकण. सह्याद्रीची धार इथे इतकी चिंचोळी आहे की तिच्या पश्चिमेला पडलेला थेंब काही तासांत अरबी समुद्राची वाट धरतो आणि पूर्वेला पडलेला थेंब महाराष्ट्र, तेलंगणा आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला जातो. भाच्याने नकाशा काढून खालच्या वाड्या ओळखण्याचा उद्योग आरंभला. मी भाकरी-ठेच्याची पुरचुंडी सोडली. खुरासणीच्या तेलात परतलेला तो ठेचा त्या वाऱ्यात जसा लागला तसा घरी कधी लागणार नाही.

त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरणारी वाट आहे, परंतु गाडी रतनवाडीत होती म्हणून आल्या वाटेने उतरलो. उतरताना गुडघ्यांनी जे सांगितले ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

रात्री शेतकरीभाऊंचा धाकटा मुलगा भेटला. तो दुसऱ्या दिवशी दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला जाणार होता. भाताची झोडणी आटोपली की या खोऱ्यातली बरीच तरुण मंडळी बाहेर पडते. कुणी नारायणगावकडे टोमॅटोच्या मळ्यात, कुणी निफाड-दिंडोरीकडे बागांत. ऑक्टोबरची छाटणी झालेली असते, मग फेलफूट (घड नसलेले फुटवे) काढणे, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे), मण्यांची विरळणी अशी हाताची कामे लागोपाठ येतात आणि ती टोळीला उक्ती दिली जातात. मी त्याला काम शिकवले कुणी असे विचारले. “शिकवायचं काय? आमची आई पण करीत व्हती,” असे तो म्हणाला. उन्हाळ्याच्या तोंडावर बाळहिरडा गोळा करायला घरी राहिले तर चार पैसे मिळतात, पण हिरड्याचा भाव व्यापाऱ्याच्या मर्जीवर. बागेतली मजुरी निदान ठरलेली असते.

बुधवार

घाई होती म्हणून हा दिवस धावतपळत गेला. जलाशयाला उरलेला वळसा घालून परतायचे होते. साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत गेलो. ही सह्याद्रीतली अरुंद, खोल घळ आहे. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ आहेत की तळाशी ऊन दिवसातून थोडाच वेळ पोहोचते. सुरुवातीच्या डबक्यात अजून छातीइतके थंडगार पाणी होते, त्यामुळे आम्ही तिथूनच मागे फिरलो.

घाटघरला कोकणकडा आहे आणि २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्पही आहे. रात्री मागणी कमी असताना ग्रिडमधल्या विजेवर खालच्या, शहापूर तालुक्यातल्या जलाशयातून पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, अशी ही योजना २००८ पासून चालू आहे. भाचा अर्थातच खूष झाला. मला कड्यावरून खालची कोकणातली घरे पाहण्यात अधिक रस होता, पण धुक्याने पंधरा मिनिटांत पडदा टाकला आणि त्याच्याच बाजूचा निकाल लागला.

उडदावणे ओलांडून पांजऱ्यापाशी आलो तर रस्त्याच्या कडेला एक तरुण जोडपे दोन पिशव्या, एक गोधडीचे बोचके आणि पाचेक वर्षांची मुलगी घेऊन गाडीची वाट पाहत उभे होते. घोटीपर्यंत सोडाल का, असे त्यांनी विचारले. मागच्या आसनावर तिघे बसले आणि बोचके भाच्याच्या मांडीवर आले. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका बागेत त्यांच्या टोळीचे काम ठरले होते. मुकादम घोटीच्या स्टँडवर जीप घेऊन येणार होता आणि अंधार पडायच्या आत बागेवर पोहोचायचे होते. शेततळे मोठे आहे का, असे भाच्याने उगाच विचारले. “लय मोठं. प्लास्टिक टाकून बांधलंय. बारा महिने भरल्यालं असतं,” असे तो तरुण म्हणाला, आणि मग बागेवर राहायला पत्र्याची खोली आहे, नळ खोलीच्या दारातच आहे, हेही त्याने बायकोकडे पाहत सांगितले. तिने मुलीच्या डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि आजीने बांधून दिलेल्या तांदळाच्या पिशवीला गाठ नीट बसली आहे ना, ते पुन्हा एकदा पाहिले.

घोटीला स्टँडवर तशाच आणखी तीन-चार टोळ्या उतरलेल्या होत्या. जीप आली नव्हती. तरुणाने मुकादमाला फोन लावला, तो वाडीवऱ्ह्यापाशी होता. “या होळीला गावाकडं, आम्ही बी येतो तव्हा,” असे त्याची बायको आम्हाला म्हणाली. आम्ही महामार्गाला लागलो तेव्हा शाळा सुटण्याची वेळ झाली होती आणि विल्होळीला वाहतूक तुंबलेली होती.